फेकलेल्या द्रवाचा इतिहास : अर्धवाहक चकतीचे लेपन आणि त्यातील निष्कासव्यवस्था

१. प्रास्ताविक

अर्धवाहक-उद्योगाचा इतिहास बहुधा चकतीवर जे राहिले त्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशसंवेदी द्रव्याचा पातळ लेप दिला जातो. त्या लेपावर प्रकाशाने आकृती उमटविली जाते. आणि लेपाने झाकलेला भाग सोडून उरलेल्या भागावर अम्लाची वा वायूची क्रिया केली जाते. या लेपद्रव्यास कारखान्यांत ‘रेझिस्ट’ म्हणतात व तोच शब्द प्रस्तुत निबंधात वापरला आहे. लेप एकसारख्या जाडीचा व्हावा म्हणून रेझिस्टचे द्रावण चकतीच्या मध्यभागी ओततात आणि चकती मिनिटास काही हजार फेरे या वेगाने फिरवितात. द्रव केंद्रापासून कडेकडे सरकतो, विद्रावक उडून जातो, आणि अर्ध्याएक मिनिटात सुकत आलेला लेप चकतीवर उरतो.

या क्रियेचा जमाखर्च मांडून पाहणे उद्बोधक आहे. समजा, २०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर एक मायक्रॉन जाडीचा सुका लेप हवा आहे. चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणून लेपाचे घनफळ सुमारे ०·०३ घन सेंटिमीटर. द्रावणातील घनपदार्थाचा अंश एकचतुर्थांश धरला तर एवढ्या लेपास सुमारे ०·१३ घन सेंटिमीटर द्रावण पुरेसे होते. चकतीवर ४ घन सेंटिमीटर द्रावण ओतले, तर त्यातील शेकडा ३ भाग कामी आला आणि शेकडा ९७ भाग फेकला गेला. हा फेकलेला भाग थेंब, तुषार आणि बाष्प अशा तीन रूपांनी चकती सोडतो. मिनिटास ३,००० फेरे या गतीला अशा चकतीची कड सेकंदास सुमारे ३१ मीटर वेगाने फिरत असते. त्या वेगाने सुटलेला थेंब भांड्याच्या भिंतीवर आदळतो, फुटतो आणि त्याचे सूक्ष्म कण पुन्हा हवेत मिसळतात.

या त्याज्य अंशाचे काय करावयाचे, हा प्रश्न लेपनविद्येइतकाच जुना आहे. परंतु निरनिराळ्या काळी तो निरनिराळ्या कारणांनी महत्त्वाचा ठरला. प्रथम लेपाच्या शुद्धतेसाठी, नंतर भूजलासाठी आणि त्यानंतर कामगाराच्या शरीरासाठी या प्रश्नाचा विचार झाला. हा क्रम कसा ठरला व त्यावरून काय दिसते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२. पूर्वपीठिका : छापखान्यातून प्रयोगशाळेत

फिरत्या पृष्ठावर प्रकाशसंवेदी द्रव पसरविण्याची युक्ती अर्धवाहकशास्त्राने शोधलेली नव्हे. छपाईचे ब्लॉक व लिथो-छपाईच्या पट्ट्या तयार करणारे कारागीर आपली पट्टी फिरत्या चौकटीवर ठेवून तिच्यावर संवेदी द्रावणाचा थर देत असत. कोडॅक कंपनीत लुई मिन्स्क यांच्या संशोधनातून निर्माण झालेले पॉलिव्हिनिल सिनॅमेट हे बहुवारिक १९५० च्या दशकात ‘कोडॅक फोटो रेझिस्ट’ या नावाने विक्रीस आले. १९५५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील ज्यूल्स अँड्रस व वॉल्टर बाँड यांनी सिलिकॉनवरील ऑक्साइडच्या थरात आकृती कोरण्यासाठी या छपाईच्या तंत्राचा उपयोग केला. त्यानंतर १९५७ च्या सुमारास अमेरिकी सैन्याच्या डायमंड ऑर्डनन्स फ्यूझ प्रयोगशाळेत जे लॅथ्रॉप व जेम्स नॉल यांनी हेच तंत्र जर्मेनियमवरील ट्रान्झिस्टरांसाठी वापरले. १९५९ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत जीन होर्नी यांनी सपाटपृष्ठी ट्रान्झिस्टरची रचना सिद्ध केली, आणि तेव्हापासून लेपन ही क्रिया प्रत्येक चकतीस पुनःपुन्हा करावी लागणारी नित्याची क्रिया झाली.

ही पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे की, तंत्राबरोबर त्या तंत्राच्या सवयीही एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात येतात. पट्टी फिरविणाऱ्यास उडालेल्या द्रवाची चिंता फारशी नसे. भोवतालचे भांडे शिंतोडे अडवी व ते वेळोवेळी पुसले म्हणजे काम भागे. छपाईच्या पट्टीवरील एखादा धुलिकण डोळ्यांस दिसण्याइतका मोठा असला तरच तो दोष ठरे. अर्धवाहकाच्या चकतीवर मात्र काही मायक्रॉनचा कणही एक संपूर्ण मंडल निकामी करू शकतो. त्यामुळे भोवतालचे साधे भांडे आता पुरेसे राहिले नाही.

३. प्रवाहाचे गणित

१९५८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’ या नियतकालिकात एम्स्ली, बॉनर आणि पेक यांचा फिरत्या तबकडीवरील श्यान द्रवाच्या प्रवाहासंबंधीचा निबंध प्रसिद्ध झाला. केंद्रोत्सारी प्रेरणा व श्यानतेचा विरोध यांचा तोल धरून त्यांनी असे दाखविले की, आरंभीचा थर उंचसखल असला तरी तो कालांतराने समपातळीस येऊ लागतो, आणि पुरेशा काळानंतर त्याची जाडी आरंभीच्या जाडीवर अवलंबून राहत नाही. आरंभी किती द्रव ओतला हे शेवटच्या लेपावरून कळत नाही, असा याचा एक व्यावहारिक अर्थ होतो. जास्त ओतल्याने लेप बिघडत नाही. कमी ओतल्यास मात्र चकतीचा काही भाग कोरडा राहण्याची भीती असते. अशा स्थितीत कारखानदाराचा हात सैल राहिला, यात नवल नाही. उधळपट्टीला या गणिताने जणू निर्दोषत्वाचे प्रमाणपत्रच दिले.

परंतु एम्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाष्पीभवन जमेस धरलेले नव्हते. ही उणीव १९७८ मध्ये डीट्रिख मायरहोफर यांनी भरून काढली. त्यांच्या मांडणीनुसार आरंभी द्रवाचा प्रवाह प्रभावी असतो व नंतर बाष्पीभवन प्रभावी होते; या दोहोंचा तोल ज्या क्षणी बदलतो त्या क्षणी लेपाची अखेरची जाडी बहुतांशी ठरून जाते. बाष्पीभवनाचा वेग स्थिर धरला तर ही जाडी त्या वेगाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. बाष्पीभवनाचा वेग स्वतः फेऱ्यांच्या गतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो हे ध्यानी घेतले, म्हणजे जाडी गतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येते. आणि कारखान्यांतील अनुभव याच नियमाशी जुळणारा होता.

या निष्कर्षाचे महत्त्व गणितापुरते मर्यादित नाही. बाष्पीभवन चकतीवरून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून असते आणि भांड्यातील हवेचा वेग निष्कासनलिकेच्या ओढीवर अवलंबून असतो. तेव्हा जी नलिका केवळ घाण बाहेर नेण्यासाठी जोडलेली होती, तिचा लेपाच्या जाडीशी संबंध आहे हे सूत्ररूपाने स्पष्ट झाले. निष्कास हा सफाईचा विषय होता. तो आता उत्पादनाच्या प्रमाणांत मोजला जाऊ लागला.

याच्या जोडीस हवेच्या प्रवाहाचा विचारही आवश्यक आहे. फिरती तबकडी वरून हवा खेचून घेते व ती पंख्याप्रमाणे कडेकडे फेकते, हे थिओडोर फॉन कारमान यांनी १९२१ मध्ये गणिताने दाखविले होते. हा प्रवाह एका मर्यादेपर्यंत स्तरीय असतो. तबकडीच्या कडेशी रेनल्ड्झ अंक सुमारे तीन लक्षांवर गेला, म्हणजे तो संक्षुब्ध होतो. साध्या तापमानाच्या हवेसाठी हिशेब केला, तर २०० मिलिमीटरच्या चकतीस ही मर्यादा मिनिटास सुमारे ४,३०० फेऱ्यांना येते आणि ३०० मिलिमीटरच्या चकतीस ती सुमारे १,९०० फेऱ्यांनाच येते. संक्षुब्ध भागात बाष्पीभवन अधिक वेगाने होते व तेथे लेप जाड होतो. चकती मोठी होत गेली तसतशी गतीची मोकळीक कमी झाली आणि हवेच्या व्यवस्थेवरील भार वाढला, तो या कारणाने.

४. भांड्याची रचना आणि तिच्यातील परस्परविरोध

लेपनयंत्रातील चकती निर्वाताने धरून ठेवणाऱ्या बैठकीवर फिरते. तिच्याभोवती भांडे असते. भांड्याची आतील भिंत उताराची करतात, म्हणजे आदळलेला थेंब वर न उसळता खाली वळतो. तळाशी दोन मार्ग लागतात : द्रवासाठी सांडनळी आणि हवेसाठी निष्कासनलिका. या दोहोंच्या मध्ये वळणावळणाची आडभिंत घालतात. हवेला वळणे सोपे जाते व जड थेंबांना ते जात नाही, त्यामुळे थेंब भिंतीस लागून खाली उतरतात. ही आडभिंत नीट नसेल तर रेझिस्ट हवेच्या नलिकेत शिरते, तेथे चिकटते, सुकते, आणि काही महिन्यांनी नलिकेचे तोंडच अरुंद होते.

निष्कासाची ओढ किती असावी, या प्रश्नास एकच उत्तर नाही. ओढ कमी पडली तर चकतीच्या कडेशी तुषार रेंगाळतात, भोवऱ्यात सापडून वर येतात आणि ओल्या लेपावर किंवा चकतीच्या पाठीवर बसतात. ओढ अधिक झाली तर कडेजवळचा लेप मध्यापेक्षा लवकर सुकतो व जाडी बिघडते. शिवाय फेकले जाणारे रेझिस्ट हवेतच सुकून त्याचे तंतू बनतात. जत्रेत साखरेचे ‘म्हातारीचे केस’ ज्या रीतीने निघतात, अगदी त्याच रीतीने. हे तंतू भांड्याच्या भिंतीवर साचतात व पुढे त्यांचे कण तुटून चकतीवर येतात. त्यातच अनेक भांडी एकाच मुख्य नलिकेस जोडलेली असली, तर एका भांड्याची झडप उघडताच शेजारच्या भांड्याची ओढ घटते. म्हणून एका यंत्रावरील दोषाचे कारण पुष्कळदा दुसऱ्याच यंत्रापाशी सापडते.

कडेचा प्रश्न याहून वेगळा आहे. पृष्ठताणामुळे चकतीच्या काठावर द्रवाचा जाड कंगोरा राहतो. चकती उचलताना वा पेटीत सरकविताना हा कंगोरा तुटून त्याचे कण सर्वत्र पसरतात. यावर उपाय म्हणून काठावर आणि चकतीच्या पाठीवर बारीक तोटीतून विद्रावक सोडून कंगोरा धुऊन काढण्याची पद्धत रूढ झाली. भांड्याची भिंतही अशाच रीतीने मधूनमधून धुतली जाऊ लागली. उपाय गुणकारी होता; परंतु भटकलेला द्रव आवरण्यासाठी आणखी द्रव खर्ची पडू लागला आणि सांडनळीतून जाणाऱ्या विद्रावकाचे प्रमाण त्यामुळे वाढले. चकतीच्या बाजूने पाहिल्यास हा प्रश्न येथे सुटला. सांडनळीच्या दुसऱ्या टोकास काय होते, ते पुढील विभागात पाहू.

५. सांडनळीचे दुसरे टोक

कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा खोऱ्यात अर्धवाहकांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा धुराडे नसलेला स्वच्छ उद्योग अशी त्यांची ख्याती होती. वापरलेले विद्रावक जमिनीखालील टाक्यांत साठवीत. आगीच्या भयाच्या दृष्टीने टाकी जमिनीखाली असणे शहाणपणाचेच मानले जाई. १९८१ च्या अखेरीस दक्षिण सॅन होजे येथील फेअरचाइल्ड कारखान्याच्या त्याज्य विद्रावकांच्या भूमिगत टाकीस गळती लागल्याचे उघडकीस आले. अर्ध्या मैलाहून कमी अंतरावरील ग्रेट ओक्स वॉटर कंपनीच्या, घरोघर पिण्याचे पाणी पुरविणाऱ्या विहिरीत १,१,१-ट्रायक्लोरोएथेन आढळले व ती विहीर बंद करावी लागली. जमिनीत व भूजलात त्याखेरीज झायलीन, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, फ्रिऑन-११३ इत्यादी द्रव्येही सापडली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ट्रायक्लोरोएथेन हे मुख्यतः धुण्याचे व चरबी काढण्याचे विद्रावक होय. ते लेपनातून आले असे म्हणता येत नाही. परंतु हीच गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रत्येक यंत्राची सांडनळी वेगळी असली तरी टाकी एकच होती. तेथे सर्व क्रियांचे अवशेष एकत्र झाले आणि कोणत्या क्रियेचा वाटा किती, हे सांगणे कठीण झाले. यंत्रापाशी काटेकोर असलेला हिशेब भिंतीपलीकडे जाताच संपत होता.

परिसरातील कुटुंबांत गर्भपातांचे प्रमाण अपेक्षेच्या दुपटीहून अधिक असल्याचे राज्याच्या आरोग्य विभागाच्या १९८५ मधील पाहणीत आढळले. मात्र त्याचे कारण दूषित पाणीच होय, असा निर्णय त्या पाहणीने दिला नाही; पुढील अभ्यासांतूनही गळतीशी त्याचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. संशोधकाने ही मर्यादा विसरता कामा नये. तथापि धोरणावर झालेला परिणाम निर्विवाद आहे. १९८२ मध्ये ‘सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअलिशन’ ही नागरिकांची संघटना स्थापन झाली. १९८३ मध्ये खोऱ्यातील नगरांनी घातक द्रव्यांच्या साठवणीचे नियम केले आणि त्याच वर्षी राज्याचा भूमिगत टाक्यांविषयीचा कायदा झाला. टाकीस दुहेरी भिंत असावी व दोन भिंतींमधील गळतीवर लक्ष ठेवावे, हे तत्त्व या नियमांमुळे रूढ झाले. भांड्याभोवती भांडे ही कल्पना लेपनयंत्रात पूर्वीपासून होती. टाकीपर्यंत पोहोचण्यास तिला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

६. हवेतील बाष्प आणि कामगार

द्रवाप्रमाणे बाष्पाचाही इतिहास आहे. १९६२ मध्ये सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड यांनी गाळलेल्या हवेच्या संथ, एकदिश प्रवाहाची स्वच्छ खोली योजिली. तेथील गाळण ०·३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९·९७ इतक्या प्रमाणात अडविते. मात्र विद्रावकाचे रेणू त्या गाळणीतून विनासायास पार होतात. आणि तापमान व आर्द्रता राखण्याचा खर्च वाचावा म्हणून तीच हवा पुनःपुन्हा फिरविली जाते. सारांश, ही खोली चकतीच्या दृष्टीने स्वच्छ होती. माणसाच्या दृष्टीने ती स्वच्छ आहे की नाही, हा प्रश्न तिच्या रचनेतच विचारलेला नव्हता.

१९७० च्या दशकात प्रचारात आलेल्या धनात्मक रेझिस्टमध्ये २-एथॉक्सिएथिल ॲसिटेट, म्हणजेच सेलोसॉल्व्ह ॲसिटेट, हे विद्रावक असे. या वर्गातील ग्लायकॉल ईथरांमुळे उंदरांच्या वृषणांचा ऱ्हास होतो, असे जपानी संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने या वर्गातील दोन द्रव्यांविषयी इशारा दिला. पुढे मॅसॅच्युसेट्समधील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या कारखान्यात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हॅरिस पॅस्टाइड्स व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाशमुद्रण विभागातील स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण शेकडा ३१·३, विसरण विभागात ३८·९ आणि या कामाशी संबंध नसलेल्या स्त्रियांत १७·८ असे आढळले. संख्या लहान होती. म्हणून उद्योगाच्या वतीने मोठे अभ्यास हाती घेण्यात आले. चौदा कंपन्यांतील कामगारांचा डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अभ्यास आणि आयबीएमच्या कारखान्यांतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा अभ्यास यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये जाहीर झाले. दोन्हींनी ग्लायकॉल ईथरांकडेच बोट दाखविले.

या निष्कर्षांना मिळालेला प्रतिसाद अभ्यसनीय आहे. १९८७ मध्ये एटी अँड टी कंपनीने गर्भवती स्त्रियांना उत्पादनाच्या कामावरून दूर हलविले. तत्कालीन परिस्थितीत यात काळजीचा भाग होता, हे नाकारता येत नाही. तथापि १९७९ चा पहिला पुरावा नरांच्या शरीराविषयीचा होता आणि स्त्रिया हलविल्याने हवा बदलत नव्हती. गर्भरक्षणाच्या नावाखाली स्त्रियांना कामावरून वगळणे बेकायदेशीर होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सच्या खटल्यात दिला; तो खटला विद्युत्‌घटांच्या कारखान्यातील शिशाविषयी होता, पण प्रश्न हाच होता. अखेर विद्रावकच बदलण्यात आला. प्रॉपिलीन ग्लायकॉल मोनोमेथिल ईथर ॲसिटेट व एथिल लॅक्टेट यांनी जुन्या विद्रावकाची जागा घेतली. त्यातील पहिल्या द्रव्यातही जननहानीकारक समजला जाणारा समघटक अल्प प्रमाणात असतो व तो मर्यादेत ठेवावा लागतो, ही नोंद येथे केली पाहिजे.

७. प्रतिउदाहरण : १९९१

याच सुमारास घडलेली एक घटना वरील विवेचनास पूरक आहे. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये हिरोशी इटो, ग्रँट विल्सन व जाँ फ्रेशे यांच्या कार्यातून नव्या प्रकारचे रेझिस्ट निर्माण झाले. त्यात प्रकाशाने निर्माण झालेल्या अम्लाचा एक रेणू अनेक विक्रिया घडवून आणतो. म्हणून हवेतील अल्कधर्मी बाष्पाचा लवलेशही ते बिघडवितो. असे बाष्प अब्जांत काही भाग इतके असले तरी आकृती बिघडते, हे आयबीएमच्या मॅक्डोनल्ड व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. शेजारच्या कक्षात चकतीवर लेप चिकटावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेक्सामेथिलडायसिलाझेनपासून ओलाव्यामुळे अमोनिया सुटतो. तोही संशयित ठरला. यानंतर लेपनयंत्रांवर रासायनिक गाळण्या बसविण्यात आल्या आणि खोलीतील हवेचे पृथक्करण अब्जांशापर्यंत होऊ लागले.

हवेतील बाष्प अतिसूक्ष्म प्रमाणात मोजणे व अडविणे शक्य आहे, हे यावरून सिद्ध झाले. ज्या तत्परतेने ही व्यवस्था रेझिस्टसाठी उभी राहिली, तिची तुलना १९७९ ते १९९२ या तेरा वर्षांशी करण्याचा मोह वाचकास होईल. ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. कारण बिघडलेली आकृती त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तर शरीरावरील परिणाम कळण्यास वर्षे व हजारो नोंदी लागतात. परंतु या भेदातच प्रश्नाचे मर्म आहे. जो दोष लगेच दिसतो व ज्याची किंमत कारखान्याच्या वहीत चढते, त्याच्यावर उपाय त्वरित होतो.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निष्कासाची व्यवस्था ही लेपनाची पुरवणी नसून लेपनाचाच भाग आहे, हे भौतिकीय सत्य १९७८ नंतर सर्वमान्य झाले. दुसरी, फेकलेला द्रव कमी करण्यास नियमांइतकीच किंमतही कारणीभूत झाली. १९९० च्या दशकात रेझिस्ट महाग झाल्यावर चकती आधी विद्रावकाने भिजवून एक घन सेंटिमीटरच्या आसपास द्रावणात काम भागविण्याच्या पद्धती निघाल्या; दूरदर्शन-पटलांच्या मोठ्या काचांसाठी तर फिरविण्याची पद्धतच सोडून देऊन अरुंद फटीतून थेट लेप देण्यात येऊ लागला. तिसरी गोष्ट अशी की, भांड्याची सीमा कोठे आखावयाची हा निर्णय केवळ तांत्रिक नसतो. ती चकतीच्या कडेशी आखली तर विहीर तिच्या बाहेर राहते. कारखान्याच्या कुंपणाशी आखली तर विहिरीचा विचार होतो, पण कामगाराच्या श्वासाचा होतोच असे नाही.

विज्ञानेतिहासाच्या अभ्यासकांस येथे काम करण्यास पुष्कळ वाव आहे. रेझिस्टच्या रसायनशास्त्राचा इतिहास सविस्तर लिहिला गेला आहे. सांडनळ्यांचे नकाशे, निष्कासाच्या मोजणीच्या वह्या, टाक्यांच्या तपासणीचे अहवाल यांचा इतिहास अद्याप विखुरलेला आहे. ही साधने रूक्ष आहेत खरी. परंतु एखाद्या उद्योगाने कोणाचा विचार आधी केला आणि कोणाचा मागाहून, हे त्या उद्योगाच्या घोषणांपेक्षा या वह्यांवरूनच अधिक विश्वासार्हतेने ठरविता येईल.